केसभर उतरलेला सूर

मित्रांनो, मी एक जुनी गिटार आहे, आणि माझ्या पोटाला आतून लाकडाच्या टिकल्या लावलेल्या आहेत. बाहेरून त्या दिसत नाहीत. माझ्या पोटावरच्या गोल भोकातून कोणी छोटा आरसा आत घातला आणि त्यावर विजेरीचा झोत पाडला, तरच दिसतात. काही जण आपल्या अंगावरच्या टाक्यांच्या खुणा लपवतात. मी मात्र भेटेल त्याला टिकल्यांबद्दल सांगत सुटते. त्या लागल्या नसत्या तर एका लग्नात गाणंच झालं नसतं.

पण आधी माझ्या जन्माविषयी सांगते. माझं पोट थंड डोंगरावर सावकाश वाढलेल्या एका झाडाच्या पातळ फळीचं आहे. सावकाश वाढलेलं झाड म्हणजे लाकडात बारीक, एकमेकींना लागून असलेल्या रेषा. मला घडवणारा कारागीर ती फळी कानाशी धरायचा आणि टरबूज निवडताना वाजवतात तशी बोटाने वाजवायचा. थोडी तासायची, पुन्हा वाजवायची. तिने मनासारखं उत्तर दिलं तेव्हाच त्याने रंधा खाली ठेवला. मग तांबूस लाकडाची पाठ, लांब मान, मानेवर तार दाबायचे धातूचे पडदे आणि पोटावर तारा अडकवण्याची आडवी पट्टी. तिला काही जण ब्रिज म्हणतात, काही जण घोडी. मला घोडी हा शब्द आवडतो. सगळ्या तारांचं ओझं तीच वाहते.

या घोडीत हाडाची एक बारीक पट्टी उभी बसवलेली असते. नीट पाहिलंत तर ती थोडी तिरकी दिसेल. ही चूक नाही, युक्ती आहे. तार पडद्यावर दाबली की ती किंचित ताणली जाते आणि तिचा सूर थोडा चढतो. जाड तारेचा जास्त चढतो, बारीक तारेचा कमी. म्हणून पट्टी तिरकी लावून जाड तारेला थोडी जास्त लांबी देतात. हिशोब बरोबर जुळतो. हे लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा गोंधळ या तिरकेपणातून झाला.

मी दुकानाच्या काचेत टांगलेली असताना एक मुलगी आत आली. मी तिला ताई म्हणते, कारण तिचा भाऊ तिला तसं म्हणतो आणि माझ्या कानावर आयुष्यभर तेच पडलं. तिने मला उचललं आणि मान उजव्या हातात धरली.

"अहो, उलटी धरलीत," दुकानदार म्हणाला.

"मला अशीच बरी वाटते."

"अशी कोणी वाजवत नाही."

"मी आत्ता काय करतेय मग?"

दुकानदार हसला आणि त्याने माझ्या सगळ्या तारा काढून उलट्या क्रमाने लावून दिल्या. मानेच्या टोकाची खाचांची पट्टीही बदलली. घोडीतली हाडाची तिरकी पट्टी मात्र तो बदलायला विसरला. ती होती तशीच राहिली. त्यामुळे जाड तारांच्या वाट्याला आखूड बाजू आली आणि बारीक तारांच्या वाट्याला लांब. मोकळ्या तारा वाजवल्या तर मी अगदी सुरात असे. पण बारीक तारेवर, मानेच्या पोटाकडच्या टोकाला, उंच सूर वाजवला की तो केसभर उतरलेला यायचा. अगदी केसभर. ताईच्या घरात कोणाच्या लक्षात आलं नाही.

ताईचं घर चौथ्या मजल्यावर होतं आणि इमारतीला लिफ्ट नव्हती. ताई आणि तिचा भाऊ लहान असताना त्यांच्या आईने एक गाणं रचलं होतं, ते जिना चढायचं गाणं. थकलेली ताई पहिल्या मजल्यावर बसकण मारायची, तेव्हा आई ते म्हणायला लागायची. गाणं पायऱ्यांसारखंच एकेक सूर वर चढायचं, मध्ये मजल्यावर दम खायचं, आणि शेवटचा, सगळ्यात उंच सूर घराच्या दारात लागायचा. आई गेल्यावर ते गाणं ताईने माझ्यावर बसवलं. धाकटा भाऊ तिच्यासमोर स्टुलावर बसून, हातात काही नसताना गिटार वाजवल्यासारखं करत ते शिकला. पुढे त्याची बायको आली, मुलं झाली, सगळी शिकली. आणि सगळ्यांचा तो शेवटचा उंच सूर माझ्यासारखाच केसभर उतरलेला. एकजात सगळे एकसारखे उतरलेले, त्यामुळे ऐकायला फारच गोड. ते त्याला घराचा सूर म्हणायचे.

त्या वर्षांत माझं फार कौतुक झालं. ताई चष्म्याच्या दुकानात काचा घासायचं काम करायची. दिवसभर काचेवरच्या रेघा शोधून आली की आधी हात धुवायची, मग मला घ्यायची. भाऊ ओरडायचा, "ताई, आधी चहा तरी घे!" आणि ती म्हणायची, "चहा गार होतो, ही होत नाही."

मग घरात गरम पाण्याची नवी पाइपलाइन आली. माझ्यावर धूळ बसू नये म्हणून भावाने मला उंच कपाटात उभं करून ठेवलं. हेतू चांगला होता. पण त्याच कपाटाच्या मागून ती पाइप गेली होती, आणि तारा ताणलेल्याच राहिल्या होत्या. लाकूड मेलं तरी त्याचा श्वास थांबत नाही. हवेत ओल असेल तर ते फुगतं, कोरडं पडलं तर आक्रसतं. मी कपाटात आक्रसत गेले. पोटावर रेषेरेषेने एक लांब फट गेली. आणि एका दुपारी घोडी उखडून कपाटाच्या दारावर आदळली. एवढा आवाज झाला की भावजय स्वयंपाकघरातून गॅस बंद करत धावत आली.

ताई घरी यायच्या आत भावाने मला दुरुस्त करायला घेतलं. बुटाला लावायचा चिकट पदार्थ आणि भिंतीवर फळी ठोकायचे दोन स्क्रू, एवढं सामान. स्क्रू माझ्या पोटात आरपार गेले. ताईने संध्याकाळी माझी पेटी उघडली, स्क्रूंच्या डोक्यांवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "राहू दे रे. झालं ते झालं."

ती रागावली असती तर भावाला बरं वाटलं असतं. ती फक्त गायची थांबली. जिना चढताना घरात आता पावलांचा आवाज यायचा, बाकी काही नाही. मी पलंगाखाली पडून तो ऐकायचे.

अशी बरीच वर्षं गेली, आणि ताईच्या दुकानात एक गृहस्थ चष्मा करायला आले. ते पियानो सुरात लावायचं काम करतात. पियानोत बहुतेक सुरांना तीन-तीन तारा असतात, आणि या गृहस्थांना त्या सहा दिसू लागल्या होत्या. ताईने घासलेल्या काचांनी त्या पुन्हा तीन झाल्या. ते आभार मानायला आले, मग काचेवर ओरखडा आलाय म्हणून आले, मग ओरखडा नसतानाही आले. ताईचे केस तोवर निम्मे पांढरे झाले होते. तरी घरात येताना ती जिन्यात गुणगुणते आहे, हे मी पलंगाखालून ऐकलं. जिन्याचंच गाणं, हळू आवाजात, शेवटच्या केसभर उतरलेल्या सुरासकट.

लग्न ठरलं. लग्नानंतर ताई पियानोवाल्यांच्या गावी जाणार हेही ठरलं. भावजयीने विचारलं, "गाणंबिणं काही ठेवायचं का?"

ताई म्हणाली, "माझ्या गिटारशिवाय कसलं गाणं? नको काही."

भाऊ दारात उभा होता. त्याने हे ऐकलं. दुसऱ्या दिवशी ताई कामावर गेल्यावर त्याने मला पलंगाखालून काढलं, पेटीवरची धूळ आपल्या शर्टाने पुसली आणि बायकोला म्हणाला, "ताई या घरातून जाईल तेव्हा गाऊन जाईल. मुकी नाही जाणार."

"आणि नाही झाली दुरुस्त तर?"

"तर मी लग्नात तोंड दाखवणार नाही."

"म्हणजे वाढप्याचं काम माझ्यावर," भावजय म्हणाली आणि तिने माझ्या पेटीची तुटकी कडी दोरीने बांधून दिली.

मित्रांनो, त्या दोरीने बांधलेल्या पेटीतून मी जिथे गेले, ती जागा मी कधी विसरणार नाही. सायकल दुरुस्तीच्या दुकानामागची एक खोली. छताला माना, भिंतीला पोटं, फडताळात तारा पिळायच्या खुंट्या. सगळीकडे लाकडाच्या भुशाचा आणि गरम सरसाचा वास. दुरुस्ती करणाऱ्या बाई ठेंगण्या, कानावर पेन्सिल, बोलायला तिखट. कोपऱ्यातल्या खुर्चीत त्यांचे सासरे. हे काम त्यांनीच बाईंना शिकवलं होतं आणि आता निवृत्त होऊन फक्त सूचना द्यायचे.

बाईंनी पेटी उघडली, स्क्रू पाहिले आणि डोळे मिटले.

"हे कोणी केलं?"

"मीच," भाऊ म्हणाला.

"तुमचा फळ्यांचा धंदा आहे का?"

"नाही हो, पोस्टात आहे."

"मग पत्रांनाही स्क्रू मारता का?"

खुर्चीतून सासरे हसले. "सूनबाई, माणूस बुडत्याला काडी टाकायला गेला, लाकूड टाकून बसला. होईल का ते सांग."

बाईंनी मला उचललं, फटीवरून नख फिरवलं, भोकात आरसा घातला. पुन्हा पुन्हा आत वाकून पाहिलं. भाऊ उभ्या उभ्या हातातली पिशवी पिळत होता. शेवटी त्या म्हणाल्या, "लाकूड चांगलं आहे. हट्टीपणाने जगलंय. करू."

माझ्यावर आधी कसलंच हत्यार चाललं नाही. बाईंनी साबणाच्या भोकं पाडलेल्या डबीत ओला स्पंज ठेवून ती माझ्या पोटात सोडली आणि पेटी बंद केली. मला वाटलं, विसरल्या वाटतं. पण त्या ओल्या हवेत मी हळूहळू फुगत गेले, आणि फटीच्या दोन्ही कडा आपणहून एकमेकींजवळ आल्या. खूप तहान लागल्यावर पाणी प्यायला मिळावं, तसं वाटलं मला.

"घाई केली असती तर फटीत पाचर ठोकावी लागली असती," बाई म्हणाल्या.

"हे मी शिकवलं तुला," सासरे म्हणाले.

"हो, आणि चहा गार करायचाही तुम्हीच शिकवला. प्या तो."

मग फटीत गरम सरस भरला. आतून, फटीच्या आडवे, लाकडाचे छोटे गोल तुकडे चिकटवले. याच त्या टिकल्या. आरशात पाहत, हात भोकातून कोपरापर्यंत घालून, बाई एकेक टिकली बसवत होत्या आणि मला इतक्या गुदगुल्या होत होत्या की मला हसता येत असतं तर सरस वाया गेला असता. स्क्रूंची भोकं बुजवली. भावाचा तो बुटाचा चिकट पदार्थ गरम पातीने कणाकणाने खरवडला. त्या वेळी बाई जे पुटपुटत होत्या, ते मी इथे सांगणार नाही.

घोडी परत बसवायची वेळ आली आणि बाई थबकल्या.

"बाबा, इकडे या जरा. काळी पट्टी या बाजूला आहे ना? नखांचे ओरखडे लाकडाला लागू नयेत म्हणून लावलेली? मग ओरखडे त्या बाजूला कसे?"

सासरे उठून आले. बरोबरच होतं. भोकाच्या एका बाजूला काळी पट्टी कोरी करकरीत, आणि दुसऱ्या बाजूला वर्षानुवर्षांचे ओरखडे.

बाईंनी भावाला फोन लावला. "तुमची ताई डावरी आहे का हो?"

"छे, उजव्या हाताने लिहिते ती."

"आणि गिटार?"

"गिटारही माझ्यासारखीच धरायची. मी समोर बसून शिकलोय ना, मला माहीत आहे. तिचा वाजवणारा हात माझ्या उजव्या हाताच्या अगदी समोर असायचा."

बाईंनी फोन बाजूला धरून सासऱ्यांना आपल्यासमोर स्टुलावर बसवलं. "उजवा हात वर करा." त्यांनी केला. "आता माझा कुठला हात त्याच्या समोर आला?"

"डावा," सासरे म्हणाले, आणि दोघं एकदम हसायला लागली.

भाऊ आयुष्यभर ताईकडे आरशात बघावं तसा बघत आला होता. ताईला लहानपणी शाळेत बाकी सगळ्यांसारखं लिहायला लावलं, म्हणून लिहिणं तेवढं उजव्या हाताने. कात्री, चमचा, मी, सगळं डाव्या हाताने. हे इतकं रोजचं होतं की घरात ते कोणाला दिसलंच नव्हतं.

मग बाईंनी घोडीतली हाडाची पट्टी पाहिली आणि शिट्टी वाजवली. तारा एका हाताच्या, तिरकेपणा दुसऱ्या हाताचा! जुनी खाच बुजवून त्यांनी नवी खाच उलट्या बाजूला तिरकी कापली. नवं हाड कानशीने घासत, एकेक तार लावून बघत, पुन्हा काढून घासत. तारा पूर्ण चढल्या तेव्हा माझ्या छोट्याशा घोडीवर एका धडधाकट माणसाच्या वजनाएवढा ताण आला, आणि टिकल्या हलल्या नाहीत. बाईंनी मानेच्या शेवटी, बारीक तारेवर उंच सूर वाजवला. ताईच्या हाती आल्यापासून पहिल्यांदा तो पूर्ण वर पोचला. मी आनंदाने इतकी थरथरले की शेजारी टांगलेल्या गिटारींच्या तारापण गुणगुणल्या.

बाईंची एक पद्धत आहे. दुरुस्त झालेलं वाद्य त्या कोणाच्या हाती पाठवत नाहीत. वाजवणारा समोर वाजवेल, त्या ऐकतील, तेव्हाच काम संपलं. म्हणून लग्नाच्या काही दिवस आधी त्या भावाबरोबर चार मजले चढून घरी आल्या. पियानोवालेही तिथेच होते, बाजारातून आणलेल्या खुर्च्या मोजत.

पेटी उघडताच ताई खाली जमिनीवरच बसली. फट दिसली, पण केसाएवढी. स्क्रू नव्हते. तिने मला घेतलं, मान उजव्या हातात, आणि बाई भावाकडे बघून गालात हसल्या. ताईने जिन्याचं गाणं सुरू केलं. पहिला मजला, दुसरा, तिसरा. मुलं गोळा झाली, भावजय आली, सगळे गायला लागले. आणि शेवटचा उंच सूर आला.

मित्रांनो, तो क्षण आठवला की अजून माझ्या तारा आखडतात. मी बरोबर होते आणि अख्खं घर केसभर खाली. दोन सूर एकमेकांवर घासत राहिले. गाणं तिथेच तुटलं.

ताईने पुन्हा वाजवला. पुन्हा तेच. ती हळूच म्हणाली, "ही माझी नाही. दाराशी आल्यावर हिचा सूर चुकतो."

भावाचा चेहरा पांढरा पडला. "बाई, परत करा! जुनं होतं तसं करा!"

बाईंनी खिशातून कागदाची पुडी काढली. त्यात माझी जुनी हाडाची पट्टी होती. "करता येईल. लग्नाच्या आधी देते. पण सांगून ठेवते, गिटार बरोबर आहे. इतकी वर्षं चुकत होती, ती जुनी."

"जुनीच बरोबर होती," भाऊ म्हणाला. "ताई, सांग ना यांना."

ताईने मान वर करून पियानोवाल्यांकडे पाहिलं. ते खुर्च्या मोजायचे थांबले होते आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे फारच लक्ष देऊन बघत होते.

"तुम्हाला माहीत होतं?"

"काय?"

"मी उतरते ते."

"थोडंसं," ते म्हणाले. "तुम्ही गुणगुणता ना दुकानात. त्या सुरावर आलात की मी बूट घट्ट बांधायला खाली वाकतो."

"एवढे दिवस? आणि बोलला नाहीत?"

"बोललो असतो तर या खुर्च्या कशाला मोजत असतो?"

आधी भावजय हसली, मग मुलं, मग ताई स्वतः. हसता हसता तिचं बोट त्या उंच सुरावर परत गेलं. तिने तो एकटाच वाजवला. पुन्हा वाजवला. आणि तिचं हसू हळूहळू थांबलं.

"आईने हे गाणं रचलं तेव्हा घरात गिटार नव्हती," ती म्हणाली. "नव्हतीच. आपण गिटारवरून शिकलो. आई नाही." तिने डोळे मिटून तार छेडली आणि भावाला म्हणाली, "ढोल्या, तू तेव्हा कडेवर होतास, तुला नाही आठवणार. मी चालत होते. दारात आल्यावर ती मान अशी वर करायची, आणि सूर... हा होता. हाच."

बाईंनी जुनी पट्टी परत कागदात गुंडाळली.

पुढचे काही दिवस त्या घरात काय धमाल झाली म्हणून सांगू! सगळ्यांना केसभर वर चढायचं होतं. मुलं पहिल्या दिवशीच चढली. भावजय पोळपाट धुताना चढली. भाऊ काही चढेना. पियानोवाले त्याच्यासमोर बसून बोट वर करायचे, "थोडं वर. अजून. अजून थोडं." भाऊ लाल होईपर्यंत ताणायचा आणि नेमका जुन्या जागी येऊन बसायचा.

"जाऊ द्या," पियानोवाले शेवटी म्हणाले, "याला खुंटी बसवलेलीच नाही."

लग्न कचेरीत सह्या करून झालं आणि जेवण इमारतीच्या गच्चीवर. दुरुस्तीवाल्या बाई आणि त्यांचे सासरे पहिल्या रांगेत. सासरे शेजारच्याला सांगत होते की टिकल्या कुठल्या लाकडाच्या आहेत. ताईने मला मांडीवर घेतलं. गाणं सुरू झालं आणि मजल्यामागून मजला चढत गेलं. शेवटी ताईने मान वर केली, आणि मी माझा सगळ्यात उंच सूर दिला, पूर्ण, स्वच्छ, तिच्या आईचा. ताई त्या सुरावर होती, मुलं तिथे होती, सगळी गच्ची तिथे होती.

आणि त्याच्या केसभर खाली, अगदी मनापासून, एकटा भाऊ.

पियानोवाले सवयीने बूट बांधायला वाकले. बाईंनी कपाळावर हात मारला. ताईने मात्र तार दाबून धरली, भावाकडे बघितलं आणि डोळे भरून हसली.

"याला कोणी सुधारू नका," ती म्हणाली. "आता आलं घर."

आता मी ताईच्या नव्या घरात राहते. भिंतीपासून थोडी दूर, उन्हाची तिरीप पोचत नाही अशा कोपऱ्यात, शेजारी पाण्याची वाटी. ताई बाहेरगावी जाते तेव्हा माझ्या तारा सैल करून जाते. भाऊ महिन्यातून एकदा येतो आणि आल्याबरोबर माझ्या मागे हात घालून भिंत गरम तर नाही ना, ते बघतो.

मित्रांनो, तुमच्याही घरात कपाटात, माळ्यावर, पलंगाखाली एखादं वाद्य मिटून पडलं असेल. त्याची पेटी आज उघडून बघा. फट दिसली तर घाबरू नका, आणि स्क्रू तर मुळीच मारू नका. त्याला आधी थोडी ओल द्या, थोडा वेळ द्या, आणि जाणत्या हातात द्या. तो हात तुम्हाला विचारेल की हे कोण वाजवतं. तेव्हा नीट आठवून सांगा, कोणत्या हाताने वाजवतं तेसुद्धा. मग ते वाद्य घेऊन घरच्या सगळ्यांना जवळ बोलवा आणि गा. एखादा केसभर खाली राहिला, तर राहू द्या.